फाशीची घोषणा आम्ही दिली, अपील कोणी वाचलं?

काही दिवसांपूर्वी एक आई आमच्याकडे आली. हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. पोराला चाकूहल्ल्याच्या केसमध्ये सात वर्षांची शिक्षा झालेली. भांडण गावच्या चौकात झालं, मिरवणुकीच्या रात्री. दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या, पण आपल्या पोरांच्या तक्रारीत बोथट मार लागला आणि समोरच्यांच्या तक्रारीत धारदार शस्त्र आलं. त्या रात्री पोलीस ठाण्यावर आम्ही सगळे गेलो होतो. शंभर-दीडशे कार्यकर्ते, घोषणा, निवेदन, फोटो. निकालाच्या दिवशी मात्र कोर्टात ती आई एकटी होती. निकाल लागून किती दिवस झाले, असं आम्ही विचारलं. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, "दादा, दिवाळीच्या आधी लागला." आम्ही कॅलेंडर काढलं. शिक्षा सेशन्स जजने दिलेली, म्हणजे उच्च न्यायालयात अपील करायला साठ दिवस. ते कधीच उलटून गेले होते.

हा लेख त्या पोराच्या निर्दोषत्वाबद्दल नाही. तो निर्दोष आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नाही आणि कागद पूर्ण वाचल्याशिवाय आम्ही तसं म्हणणारही नाही. लेख आमच्याबद्दल आहे. घटनेच्या दिवशी रस्त्यावर असणारी आपली चळवळ निकालानंतर कुठे जाते, एवढाच प्रश्न आहे. आणि हा प्रश्न आम्ही एका अशा केसच्या आधाराने विचारणार आहोत, जी महाराष्ट्रातल्या प्रत्येक आंबेडकरी तरुणाला तोंडपाठ असायला हवी होती, पण बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही.

5 जून 2003 ची रात्र. नाशिकच्या बाहेर एका पेरूच्या बागेत झोपडी करून राहणारं गरीब कुटुंब. सात-आठ जण चाकू-कोयते घेऊन आत शिरले, पैसे आणि दागिने मागितले, लुटले आणि मग जे केलं ते लिहिताना हात थांबतो. पाच जणांचा खून झाला. घरातल्या बाईवर आणि एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. ती बाई आणि तिचा एक मुलगा, मेले असं समजून टाकून दिले म्हणून वाचले. अशा घटनेनंतर कोणाचंही रक्त उसळणार. तेव्हाही उसळलं होतं, आणि ते चूक नव्हतं.

पोलिसांनी सहा जणांना पकडलं. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे, मूळ जालना जिल्ह्यातले. 12 जून 2006 रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आरोपींनी अपील केलं, तसं सरकारनेही केलं, की जन्मठेप झालेल्या तिघांनाही फाशीच हवी. 30 एप्रिल 2009 ला न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने आरोपींचं अपील फेटाळलं, सरकारचं मान्य केलं आणि सहाही जणांना परत फाशी सुनावली. जिल्हा, उच्च, सर्वोच्च. तीन पायऱ्या संपल्या. सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे इथे गोष्ट संपते.

ती संपली नाही, याचं श्रेय आपल्यापैकी कोणाच्याही मोर्च्याला नाही. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली, की काही कैद्यांना चुकीच्या निवाड्याचा आधार घेऊन फाशी दिली गेली आहे. त्या कैद्यांमध्ये हे सहा जण होते. दरम्यान त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेही समोर आलं. म्हणजे कायद्याने ज्याला फाशी देताच येत नाही, अशा पोराला या देशाच्या तीन कोर्टांनी फाशीच्या रांगेत उभं केलं होतं. 2014 मध्ये घटनापीठाने सांगितलं, की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका बंद खोलीत नव्हे, खुल्या कोर्टात ऐकली पाहिजे. त्या दारातून ही फाईल पुन्हा आत आली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपील नव्याने ऐकायला घेतलं.

5 मार्च 2019. न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह. सहाही जण निर्दोष.

कशावरून? इथे थांबून नीट वाचा, कारण संपूर्ण केसचा जीव या एका कागदात आहे. घटनेनंतर दोनच दिवसांनी, 7 जूनला, वाचलेल्या त्या बाईला पोलिसांनी आपल्याकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातून चार जण ओळखले. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तिचा तसा जबाब झाला. ते चार जण म्हणजे हे सहा नव्हेत. ते वेगळेच होते. त्या चौघांना पकडलं नाही, त्यांच्याविरुद्ध आरोपपत्र नाही, त्यांचं काय झालं याचं धड उत्तर नाही. पुढे या सहा मजुरांना ओळख परेडमध्ये उभं केलं गेलं आणि बाईने कोर्टात त्यांच्याकडे बोट दाखवलं. जिचं सगळं कुटुंब डोळ्यांसमोर कापलं गेलं, त्या बाईला आम्ही दोष देणार नाही. दोष त्यांचा, ज्यांच्या कपाटात तिचा पहिला जबाब होता आणि ज्यांनी तो बाजूला सारून दुसरी माणसं उभी केली.

सर्वोच्च न्यायालयाने निकालात साफ नोंदवलं, की हे आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या खालच्या थरातले अत्यंत गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश झाला. पाच लाख. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली बरीचशी फाशीच्या कोठडीत. महिन्याचा हिशोब केला तर अडीच हजारांच्या आसपास येतो. रोजगार हमीवरचा मजूरही एवढ्यात महिनाभर राबणार नाही.

आता आमच्या पोटातलं बोलतो. 2003 मध्ये आम्ही नाशिकमध्ये असतो, तर आम्हीही "फाशी द्या" म्हणणाऱ्या गर्दीत असतो. बागेत राबणाऱ्या गरीब कुटुंबावर एवढा अत्याचार झाल्यावर दुसरं काय सुचणार? आणि आमची घोषणा त्या सहा गरीब भटक्यांच्या गळ्यात पडली असती. त्याच वेळी ते चार खरे, किंवा खरे असू शकणारे, मोकळे फिरत राहिले असते. फिरलेच. म्हणजे चुकीच्या शिक्षेने त्या बाईलाही न्याय मिळाला नाही. आरोपींच्या बाजूने बोलणं म्हणजे पीडितांच्या विरोधात बोलणं, हे समीकरण टीव्हीवरच्या चर्चेत ठीक आहे. या केसमध्ये दोघांवर अन्याय एकाच पोलीस ठाण्याने केला.

पोलिसांना भटकाच का सापडतो, हे आंबेडकरी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांना एकाच ओळीत ठेवून या संस्कृतीला जाब विचारला होता. आपण मात्र आपल्या मोर्च्याच्या बॅनरवर 'भटके-विमुक्त' हा शब्द छापतो आणि त्यांच्या पालावर रात्री दोनला पोलिसांची गाडी थांबते तेव्हा झोपलेले असतो. हे कडू आहे, पण खरं आहे.

फाशीबद्दल बोलायचंच तर बाबासाहेबांचं मत काय होतं, हे तरी ठाऊक असावं. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत नेमका हाच विषय चालू होता: फौजदारी अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं की नाही. फाशी झालेल्या प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क द्या, अशी काही सदस्यांची मागणी होती. बाबासाहेबांनी आपलं मत मांडलं, की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच पूर्णपणे रद्द केलेली बरी. आजही आपल्या मोर्च्यांत त्यांचा फोटो पुढे आणि फाशीच्या दोरखंडाचं चित्र मागे असतं. आम्ही स्वतः तसे फलक रंगवलेले आहेत, म्हणून दुसऱ्यांना शिकवायच्या आविर्भावात हे लिहीत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांचा अहवाल काढला. साडेतीनशेहून जास्त कैद्यांशी बोलून केलेला. त्यातले जवळजवळ तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. तेवढेच मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्याक होते. तेव्हा पुढच्या वेळी 'फाशी द्या' असं ओरडताना दोर कोणाच्या गळ्याच्या मापाचा आहे ते पाहा.

यावर आमचेच मित्र म्हणतील, की अपील म्हणजे काय आपल्यासाठी असतं का? खैरलांजी आठवा. 2006 मध्ये भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी दिली, पण ॲट्रॉसिटी लागू होत नाही म्हणाले. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली, आणि जात तिथेही सापडली नाही. पुढचं अपील दिल्लीत पडून राहिलं आणि जानेवारी 2017 मध्ये भैयालाल भोतमांगे निकालाची वाट पाहतच गेले. मग अपिलावर विश्वास का ठेवायचा?

हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. पण खैरलांजीत चळवळीचा सगळा राग फाशी रद्द झाल्यावर निघाला. खरा घाव दुसरीकडे होता. ती जातीय हिंसा होती हेच दोन कोर्टांच्या नोंदीत उतरलं नाही. फाशी की पंचवीस वर्षं हा शिक्षेच्या मापाचा प्रश्न आहे. जात नोंदीत नसणं हा सत्याचा प्रश्न आहे. आणि अपील नोंदीवरच चालतं, हे आपण अजून शिकलेलो नाही. वरचं कोर्ट सहसा नवे साक्षीदार बोलावत नाही. खाली जे पंचनाम्यात आलं, जे उलटतपासणीत विचारलं गेलं, ज्यावर निशाणी पडली, तेवढंच वर दिसतं. खाली आपला वकील गप्प बसला तर वर कितीही मोठा वकील उभा करा, त्याच्या हातात कोरा कागद असतो. नाशिकच्या सहा जणांना वाचवणारा कागदही 2003 चाच होता. 2019 मध्ये कोणी नवा शोध लावला नाही. कोणीतरी फाईल वाचली.

चाकूहल्ल्याच्या केसमध्ये काय वाचायचं असतं, हे आम्ही त्या आईच्या पिशवीतले कागद वाचताना पुन्हा शिकलो. चाकू जप्त कोणी केला, कुठून केला आणि पंच कोण होते? आरोपीने 'काढून दिला' असं लिहिलेलं असतं. कायद्यात अशा निवेदनातला तेवढाच भाग चालतो ज्यातून वस्तू सापडली. बाकी पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कवडीमोलाचा. ती जागा सर्वांना खुली होती का? पंच प्रत्येक केसमध्ये तेच तेच आहेत का? चाकू सील केला कधी आणि प्रयोगशाळेत गेला कधी, मधले दिवस तो कोणाच्या टेबलावर होता? त्यावरचं रक्त कोणाचं निघालं, की अहवालात 'अनिर्णित' लिहिलंय? डॉक्टरच्या दाखल्यात जखम साधी आहे की गंभीर, आणि ती खरंच धारदार शस्त्राची आहे का? जुन्या दंडसंहितेत 324, 326 आणि 307 यांच्यामध्ये माणसाचं अर्धं आयुष्य मावतं. नव्या न्याय संहितेत हीच कलमं 118 आणि 109 झाली आहेत. 1 जुलै 2024 च्या आधीच्या घटनेला मात्र जुनीच लागतात. एखाद्या पोराने रागात एक वार दंडावर केला आणि त्याला खुनाच्या प्रयत्नात टाकलं, तर अपिलात 'मी तिथे नव्हतो' हा हट्ट धरण्यापेक्षा 'मारायचा हेतू नव्हता' हा मुद्दा जास्त खरा आणि जास्त टिकणारा असू शकतो. खरं काय घडलं ते आपल्या वकिलाला सांगायला लाजू नका. त्या आईच्या केसमध्ये पोराने वकिलाला पूर्ण गोष्ट सांगितलीच नव्हती. कारण वकील त्याला निकालाआधी दोनदाच भेटला होता.

आणि क्रॉस केस. एकाच भांडणाच्या दोन फिर्यादी असतील तर दोन्ही एकाच न्यायाधीशासमोर, लागोपाठ चालल्या पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. प्रत्यक्षात काय होतं? आपली ॲट्रॉसिटीची फिर्याद एका कोर्टात कुजते आणि त्यांची चाकूची फिर्याद दुसऱ्या कोर्टात धावते. मग कोणीतरी मध्यस्थ येतो, 'दोन्ही मिटवून टाका' म्हणतो. आपल्या पोराच्या मानेवर 307 असते, म्हणून आपण ॲट्रॉसिटीचे साक्षीदार मागे घेतो. हा सौदा किती गावांत झाला हे ज्याने त्याने आपल्या तालुक्यात आठवून पाहावं. पोराची शिक्षा अपिलात लढली गेली तरच ॲट्रॉसिटीची फिर्याद उभी राहते. दोन्ही एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

अपिलाबद्दल वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या अफवाही मोडून काढायला हव्यात. अपील केलं तर शिक्षा वाढते, ही त्यातली सगळ्यात घातक. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात त्याला नोटीस देऊन, बाजू ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा वाढवता येत नाही. मुदत उलटली की संपलं, ही दुसरी. उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. तुरुंगात असणं, निकालाची प्रत न मिळणं, गरिबी, ही खरी कारणं असतात आणि ती तारखांसह मांडावी लागतात. सात वर्षांपर्यंतची शिक्षा मॅजिस्ट्रेटने दिली असेल तर अपील सेशन्सला, तिथे तीस दिवस. सेशन्सने दिली तर उच्च न्यायालय, साठ दिवस. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि पोरगा जामिनावर असेल तर शिक्षा देणारं कोर्टच अपील करेपर्यंत जामीन देऊ शकतं, त्याच दिवशी, त्याच टेबलावर. तिथे अर्ज करणारा कोणी हवा, एवढंच.

पैशाचा प्रश्न सगळ्यात मोठा, हे मान्य. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि तुरुंगातल्या कोणालाही मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 ने दिलेला आहे. उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. निकालाची प्रत आरोपीला फुकट आणि लगेच मिळाली पाहिजे. 1978 मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी हे ठणकावून सांगितलं. ती केस आपल्याच राज्यातली, कैद्याला निकालाची प्रत मिळाल्याची नोंदच सापडत नव्हती. आणि तो कैदी विद्यापीठात शिकवणारा माणूस होता! पालावरच्या माणसाची काय कथा. शिवाय वकील आला नाही म्हणून अपील फेटाळता येत नाही, गुणदोषांवर निकाल द्यावा लागतो, हेही 1996 पासून ठरलेलं आहे.

विधी सेवेचे वकील कसे काम करतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. काही जीव ओतून करतात, काही तारखेला उगवत नाहीत. पण तिथेही आपले शेकडो एलएल.बी. झालेले पोरं-पोरी आहेत, ज्यांच्या स्टेटसला बाबासाहेबांचा काळ्या कोटातला फोटो आहे. तो फोटो लावणाऱ्यांना एक आठवण. 1926 मध्ये 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून जेधे, जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या कोर्टाने शिक्षा केली होती. पुण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांचं अपील चालवायला उभे राहिले ते बाबासाहेब. वकिली सुरू करून तेव्हा त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. आरोपी त्यांच्या जातीचे नव्हते. ते अपील त्यांनी जिंकलं. पुढे 15 सप्टेंबर 1949 ला संविधान सभेत अटकेतल्या माणसाच्या हक्कांचं कलम, म्हणजे आजचं कलम 22, त्यांनीच मांडलं. अटकेची कारणं कळण्याचा आणि आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क त्यातच आहे. अपिलाचा वकील हा आपल्या परंपरेतला माणूस आहे. त्याला कोणी सभेत हार घालत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या तालुक्यात आम्ही आता एक वही केली आहे. साधी, दोनशे पानी. घटनेची तारीख, दोन्ही बाजूंचे गुन्हा क्रमांक, आरोपपत्र कधी, कोर्ट कोणतं, वकील कोण, पुढची तारीख काय, निकाल कधी, आणि निकालाच्या रकान्यासमोर लाल शाईने अपिलाची शेवटची तारीख. पहिल्याच आठवड्यात सतरा नोंदी झाल्या. त्यातल्या पाच पोरांना आपली पुढची तारीख माहीत नव्हती. दोन नोंदी पारधी वस्तीवरच्या आहेत. त्या घ्यायच्या की नाही यावर बैठकीत तासभर वाद झाला, कारण 'ते आपल्यात मोडत नाहीत' असं म्हणणारे आमच्यातही निघाले. नोंदी घेतल्या.

त्या आईच्या पोराचं अपील उशीर माफीच्या अर्जासह दाखल झालं आहे. उशिराचं कारण म्हणून आम्ही लिहिलं, की निकालाची प्रत तुरुंगात कोणत्या तारखेला मिळाली याची नोंद नाही. तुरुंगाकडे माहिती अधिकारात विचारणा केली आहे. उत्तर यायचंय. प्रतींचा खर्च अठराशे रुपये झाला, तो वस्तीतल्या सात घरांनी मिळून दिला.